कोंवळें रोप आणि शेळीचें नाक

झाड लावण्याचा उत्साह पुष्कळांच्या ठिकाणीं असतो; तें जगविण्याची चिकाटी थोड्यांच्याच अंगीं असते. हें मी दुसऱ्यांना उद्देशून म्हणत नाहीं. रत्नागिरीकडील आमच्या वडिलार्जित जागेंत मीं हापूसचीं आठ कलमें लावलीं, आळीं केलीं, दोन उन्हाळे घागरींनीं पाणी घातलें. तिसऱ्या वर्षीं माघांत एके दुपारीं घरांत सारीं निजलेलीं असतां, गडग्याच्या पडक्या जागेंतून चार शेळ्या आंत आल्या. घटकाभरांत पांच कलमें त्यांनीं पार जोडापर्यंत ओरबाडलीं. पावसाळ्यांत त्यांपैकीं तीन पुन्हां फुटलीं, तेव्हां मुलांनीं टाळ्या पिटल्या. परंतु पालवी फुटली होती ती जोडाच्या खालून! म्हणजे हापूस गेला आणि खालचा रायवळ तेवढा उरला.

कुंपण हा यावरील मुख्य उपाय, हें उघडच आहे. तथापि सगळा गडगा नवा बांधणें प्रत्येकाच्या ऐपतींतलें नसतें. आणि भाताची कापणी झाली कीं आमच्याकडे गुरें मोकळीं सुटतात. अशा वेळीं निव्वळ वासाच्या योगानें रोपांचें रक्षण करतां येईल काय, हा प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला.

गुरें-शेळ्या अन्नाची पारख बव्हंशीं नाकानें करतात. गाय चरतांना पाहावी. जेथें शेण पडलें आहे त्याच्या भोंवतींचें गवत कितीहि हिरवेंगार असलें तरी कित्येक आठवडे ती त्याला तोंड लावीत नाहीं. शेणांतून जंतांच्या अळ्या गवतावर चढतात. त्या पोटांत जाऊं नयेत यासाठीं निसर्गानें ही शहाणीव जनावरांच्या नाकांत ठेवली आहे. मौज अशी कीं, हा तिटकारा मुख्यतः आपल्याच जातीच्या विष्ठेचा असतो. गाईनें टाळलेलें गवत मेंढी खुशाल खाते. रोपांवर शेणाचें पाणी शिंपडण्याची आपल्या शेतकऱ्यांची जुनी रीत या दृष्टीनें मोठी मार्मिक आहे. मात्र ज्या जनावराचा उपद्रव, त्याचीच विष्ठा योजावी, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

दुसरा मार्ग भीतीचा. अमेरिकेंत बागाईतदारांचा मोठा शत्रु म्हणजे हरीण. त्याच्यासाठीं तेथें नासलेल्या अंड्यांपासून केलेलें औषध झाडांवर फवारतात. घरगुती प्रमाण एक भाग अंडें व चार भाग पाणी असें सांगतात. मांस पचविणाऱ्या हिंस्र पशूच्या मलमूत्राला गंधकयुक्त द्रव्यांचा जो दर्प असतो, त्याच जातीचा दर्प नासलेल्या अंड्याला येतो. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कोयोट नांवाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याला कांहीं दिवस मांस व कांहीं दिवस फळें खाऊं घातलीं. मांसाहाराच्या दिवसांतील मूत्राचा वास येतांच कुरतडणारे प्राणी अन्नापासून दूर राहिले. फलाहाराच्या दिवसांतील मूत्राची त्यांनीं तितकी पर्वा केली नाहीं. म्हणजे आपणांस जो वास असह्य वाटतो तोच जनावरांनाहि भिववील, असा नियम नाहीं.

कापलेल्या केसांच्या पुरचुंड्या आणि साबणाच्या वड्या झाडाला टांगण्याचीहि तिकडे चाल आहे. केसांचा गुण कधीं येतो, कधीं येत नाहीं. साबणाचा येतो, पण वडीपासून वारभर अंतरापलीकडे तो फारसा पोंचत नाहीं.

अंड्याचें नांव काढतांच आमच्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमचा शत्रु हरीण नसून शेळी असल्यामुळें तो प्रश्न आपोआप मिटला. शेळीच्या ताज्या लेंड्या दिवसभर पाण्यांत भिजत घालाव्या, पाणी फडक्यांतून गाळावें व कुंचल्यानें किंवा झारीनें पानांवर व कोंवळ्या फांद्यांवर बसवावें. थर पातळच असावा. पान झांकलें गेल्यास त्याला प्रकाश मिळत नाहीं. खाण्याच्या पालेभाज्यांवर हा प्रयोग करूं नये, आणि काम होतांच हात साबणानें स्वच्छ धुवावे.

आतां या उपायाच्या मर्यादा. पावसाच्या एका सरीनें सारें धुऊन जातें. लेप दिल्यानंतर फुटलेली पालवी उघडीच राहते, आणि शेळीला तीच अधिक आवडते. म्हणून दर पंधरवड्याला आणि नवी पालवी दिसतांच पुन्हां हात फिरवावा लागतो. भीतीच्या वासांची गोष्ट तर आणखीच निराळी. वास येतो, पण वाघ कांहीं येत नाहीं, हें जनावराच्या लवकरच लक्षांत येतें. सर्वांत मोठी अडचण भुकेची. कोंकणांत पावसाळ्यांत भातशेतें उभीं असल्यामुळें गुरें राखलीं जातात आणि गवतहि मुबलक असतें. खरें संकट मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंतचें. त्या काळांत पाऊस नसल्यामुळें लेप टिकतो खरा. पण रानांत हिरवें पान उरत नाहीं, आणि उपाशी जनावर दर्पाची तमा बाळगीत नाहीं.

म्हणून वासाला भिंत समजूं नये. तो पहारेकरी आहे. जनावर जरा थबकतें, दुसरीकडे कांहीं मिळत असल्यास तिकडे वळतें, आणि तेवढ्या अवधींत घरांतील कोणी काठी घेऊन धांवूं शकतें. आम्हीं पडका गडगा बांधून घेतला, वर करवंदीच्या काट्यांची वई केली, आणि लेपाचें काम मुलांकडे सोंपविलें. उरलेलीं तीन हापूसचीं कलमें सुखरूप आहेत. रायवळ झालेलीं तीन झाडेंहि मीं उपटलीं नाहींत. खुंट जोमदार आहेत. जाणत्या माळ्याकडून त्यांवर पुन्हां हापूसची काडी बांधून घेतली आहे. लेप या वेळीं पहिल्या पालवीपासूनच लावणार आहों.