ॲपवर घर आले, नोंदणीचे काय?

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला 1997 मध्ये नारळी-पोफळीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि गावात पर्यटकांची रीघ लागली. वाडीवाल्यांनी घरातल्याच खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आज कोकणात आणि गोव्यात अशी कितीतरी घरे मोबाइलवर बुक होतात, आणि त्यासोबत एक समजही पसरला आहे: ॲपवाले टॅक्स कापतात, म्हणजे आपले सगळे कायदेशीर झाले.

यातला टॅक्सचा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. मालकाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि त्याने जीएसटी नोंदणी केलेली नसेल, तर ॲपवरून झालेल्या बुकिंगचा जीएसटी भरण्याची जबाबदारी ॲप कंपनीवर असते. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचे भाडे 7500 रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला 5 टक्के दर लागतो, त्यावरच्या खोलीला 18 टक्के. म्हणजे 3000 रुपयांच्या खोलीवर पाहुण्याकडून 150 रुपये घेतले जातात आणि ॲप ते सरकारकडे भरते. तोच पाहुणा पुढच्या वेळी थेट फोन करून आला, तर अशा छोट्या मालकाला जीएसटी लावायचा नसतो. मात्र 20 लाखांची मर्यादा एकट्या होम-स्टेची नाही. मालकाला पुण्यातल्या एखाद्या दुकानगाळ्याचे भाडे मिळत असेल, तर तेही त्याच बेरजेत धरले जाते, आणि अनेकजण नेमके इथेच चुकतात.

आयकर वेगळा. ॲप मालकाच्या रकमेतून 0.1 टक्का टीडीएस कापते. वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिले असेल, तर तोही कापला जात नाही. टीडीएस कापला नाही म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही, ते विवरणपत्रात दाखवावेच लागते.

स्थानिक नोंदणीचे काम मात्र कोणतेही ॲप मालकासाठी करून देत नाही. गोव्यात 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे, तर पर्यटन खात्याकडे नोंद लागते. महाराष्ट्रात राज्याची निवास व न्याहारी योजना कोकणातल्या घरांच्या ओळखीची आहे. केंद्राच्या तशाच योजनेत एक ते सहा खोल्यांची घरे बसतात, पण मालक कुटुंबासह तिथे राहत असला पाहिजे. ही अट योग्यच आहे. रात्री कुणी आजारी पडले, नळ फुटला, शेजाऱ्यांची तक्रार आली, तर दार उघडणारे माणूस घरात हवे.

न्यूयॉर्क शहराने 5 सप्टेंबर 2023 पासून असे नियम फार कडक केले. 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाने शहराकडे नोंदणी करायची, स्वतः घरात राहायचे आणि दोनपेक्षा जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत. नोंदणी आहे की नाही हे ॲपनेच तपासायचे, त्याशिवाय बुकिंगचे व्यवहार करायचे नाहीत. आपल्याकडे पाहुण्यांची संख्या इतकी आवळायची गरज नाही, पण तपासण्याची जबाबदारी ॲपवर टाकण्याची ही पद्धत गोव्यासाठी आणि कोकणासाठीही घेण्यासारखी आहे.

पाहुणा परदेशी असेल, तर त्याच्या मुक्कामाची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेलाइतकेच हे बंधन एका खोलीच्या मालकावरही आहे. गोव्यातल्या कळंगुटचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, मालकाने मुंबईत राहायचे आणि किल्ली केअरटेकरकडे ठेवायची असा मामला असेल, तर ही माहिती कोण कळवणार हे पहिला पाहुणा येण्याआधीच ठरायला हवे.