बसलेले पाटे

जीपखाली पोतं अंथरून मिस्त्री आत सरकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मधूनच खडू घासल्याचा आवाज यायचा. बाहेर येऊन हात पुसत त्यांनी विचारलं, "दादा, गाडी नेमकी घासते कुठं, ते बघितलंय का कधी?"

मी बघितलं नव्हतं. आमचं शेत गगनबावड्याच्या बाजूला आहे. शेवटचे तीन किलोमीटर रस्ता असा नाहीच, जांभ्या दगडावर ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या आहेत. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल होतात, मधला वरंबा उंच होतो आणि माझी जुनी एमएम ५४० जीप त्यावर पोट टेकते. म्हणून कमी खर्चात गाडी दोन इंच उचलून घ्यायची, एवढाच विचार करून मी कोल्हापुरातल्या या कमानपाट्याच्या दुकानात आलो होतो.

मिस्त्रींनी मला खाली झोपायला लावलं. जिथे जिथे घासल्याच्या खुणा होत्या, तिथे त्यांनी खडूने गोल केले होते. सर्वांत मोठा गोल मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर होता, तिथलं लोखंड घासून चकचकीत झालं होतं. दुसरा गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर. तिसरी खूण मी कधीच ओळखली नसती. चासीच्या खालचे रबरी ठोकळे, ज्यांच्यावर खड्ड्यात एक्सल येऊन आदळतो, ते चेपून निम्मे झाले होते. "हे रोज मार खात्यात," मिस्त्री म्हणाले. "तुमची गाडी ठेंगणी न्हाई, बसलीया."

या तीन गोलांत सगळं शास्त्र आहे. पाट्यांनी गाडी उचलली की चासी आणि बॉडी वर जाते. एक्सल मात्र चाकांना धरून असतो, तो जिथल्या तिथे राहतो. म्हणजे डिफरन्शियल घासत असेल तर पाट्यांवर कितीही खर्च करा, तो तेवढाच घासणार. त्याला जमिनीपासून वर नेतो फक्त मोठा टायर, आणि तोही अर्ध्याच हिशेबाने, कारण टायरची उंची दोन इंचांनी वाढली तर एक्सल एकच इंच वर जातो. माझ्या गाडीला ६.००-१६ चे टायर होते आणि ते बदलायलाच आले होते. त्यांच्या जागी ७.००-१६ घातले की गोळा साधारण इंचभर उचलला जाणार होता. पहिल्या गोलाचा निकाल तिथेच लागला.

मग मोजमाप झालं. गाडी सपाट फरशीवर उभी करून, टायरमधली हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली निघाली. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तीस वर्षं त्याच बाजूला वजन पडलेलं. मी रोज चालवत असलेली गाडी एका अंगाला कलली आहे, हे मला त्या दिवशी टेपने सांगितलं.

चासीखाली घोडे लावून चाकं काढली. गंजलेले यू बोल्ट सुटेनात, ते कापले. पाट्यांचा जुडगा खाली आला, सेंटर बोल्ट तोडल्यावर एकेक पाटा सुटा झाला. मिस्त्रींनी ते लांबीच्या क्रमाने फरशीवर मांडले. मेन पाटा, म्हणजे ज्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात तो, सर्वांत वर आणि खाली उतरत्या लांबीचे बाकीचे. दुकानातल्या पोराने तारेच्या ब्रशने गंज काढला. तिसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापाशी केसासारखी चीर होती. पाटा तुटतो तो बहुतेक तिथूनच. "वेल्डिंग चालेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "वेल्डिंगला पाटा धरत न्हाई. शेजारी मोडतो." त्या पाट्याच्या जागी नवा आला.

नंतरचं काम मला सर्वांत आवडलं. शेजारच्या पार्टच्या दुकानातून त्यांनी नवा कोरा मेन पाटा तासाभरासाठी मागून आणला, फरशीवर आडवा ठेवला आणि त्याच्या कडेने खडूची रेघ ओढली. त्याच रेघेवर माझा जुना पाटा ठेवला. टोकं जुळवली तर मध्यावर सव्वा इंचाचं अंतर. एवढा बाक तीस वर्षांत निघून गेला होता. मला हवे असलेले दोन इंच बहुतांशी माझ्याच गाडीचे होते, ते फक्त परत मिळवायचे होते.

बाक भरायची थंड पद्धत बघायला साधी वाटते. ऐरणीवर दोन आधार, मधे थोडी पोकळी. पाटा त्यावर पोट वर करून, म्हणजे खोलगट बाजू आभाळाकडे ठेवून धरायचा आणि पोकळीच्या बरोब्बर वर घणाचा घाव घालायचा. घाव पडला की पाटा बोटभर पुढे सरकवायचा. मिस्त्री पाटा धरतात, घण पोरगा घालतो. दोघांत शब्द नाही. एका टोकाकडून मध्याकडे, मग दुसऱ्या टोकाकडून मध्याकडे. दर दहा-बारा घावांनंतर पाटा खडूच्या रेघेवर. घाव एकाच जागी पडले तर तिथे कोपरा येतो आणि पुढे पाटा त्याच कोपऱ्यात मोडतो, म्हणून पाटा सरकवणारा हात घण घालणाऱ्या हातापेक्षा जास्त महत्त्वाचा. प्रत्येक पाट्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त बाक द्यावा लागतो. मग सेंटर बोल्ट आवळला की सगळे एकमेकांना घट्ट बिलगतात.

दुसरी पद्धत भट्टीची. पाटा लाल करून वाकवायचा, तेलात बुडवून कडक करायचा आणि पुन्हा माफक तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. ती जास्त वर्षं टिकते आणि खर्चही जास्त येतो. पण गॅसच्या ज्योतीने तापवून, वाकवून तसाच गार होऊ देणारेही भेटतात. मिस्त्रींचं त्यावर एकच वाक्य होतं: "मग तो पाटा राहत न्हाई, पट्टी हुती."

या दुकानात माझ्या जीपसारख्या गाड्या क्वचित येतात. रांगेत होते उसाचे ट्रक आणि ट्रॉल्या. आणखी एक पाटा घाला, असं मी म्हटलं तेव्हा मिस्त्रींनी तिकडे बोट दाखवलं. ट्रकला जादा पाटा शोभतो, तो भरलेला धावतो. रिकाम्या जीपला तो घातला की गाडी उंच होते पण पाटे ताठ होतात, चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत लटकतं आणि लटकलेलं चाक गाडी ओढत नाही. मला ते पटलं.

लांब शॅकलचा उपाय मी आधी एका गॅरेजमध्ये करून बसलो होतो. सगळ्यांत स्वस्त तोच: पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या दोन पट्ट्या लांब करायच्या. पण झोपाळ्याच्या एका बाजूची कडी दोन इंच लांब केली तर फळीचा मध्य एकच इंच खाली येतो, तसंच इथे. एक्सल मध्यावर, म्हणून दोन इंचांच्या शॅकलला एक इंच उंची. शिवाय एक्सल थोडा फिरतो, पुढच्या चाकांचा किंगपिनचा कल बदलतो. महामार्गावर साठच्या पुढे माझं स्टिअरिंग थरथरायला लागलं होतं आणि शेजारी माझी आई बसली होती. ते शॅकल मी त्याच आठवड्यात काढून टाकले. कल जागेवर आणायला एक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी पाचर घालतात. ज्याने शॅकल विकले त्याने पाचरीचा विषयही काढला नव्हता.

पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवायचे, हाही मार्ग आहे. त्याने पाच-सहा इंच मिळतात. पण बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचे दांडे बदलावे लागतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस झिजायला लागतो. स्वस्तात तो होत नाही आणि स्वस्तात केलेला बघून मला भीती वाटते. २०१० मध्ये आलेल्या थारला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहे. त्याचा बोल्ट पान्याने फिरवला की पुढची बाजू उचलते, पार्टचा खर्च शून्य. मात्र तेवढीच चाकाची खाली उतरण्याची जागा कमी होते आणि अलाइनमेंट करावीच लागते.

माझे पाटे गाडीला बसवून झाले. चाकं लावण्याआधी मिस्त्रींनी चासी जॅकवर इतकी उचलली की एक्सल पूर्ण लोंबकळला. त्या अवस्थेत त्यांनी ब्रेकच्या रबरी नळीला हात लावला, ती ताणली गेली नव्हती. शॉकअपमध्ये अजून खेळ शिल्लक होता. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. उचललेल्या गाडीची ब्रेकची नळी खड्ड्यात तुटू शकते, म्हणून ही तपासणी टाळणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका. पाट्यांच्या डोळ्यांतल्या रबरी बुशांचे बोल्टही शेवटी, गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच घट्ट केले, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

टेप पुन्हा लावला. पुढची उजवी बाजू पावणेदोन इंच वर, डावी एक इंच, दोन्ही आता सारख्या. टायर धरून बॉडी त्याहून इंचभर उंच. तेवढाच गाडीचा तोलही वर गेला, म्हणून आडव्या उतारावर मी आता पूर्वीपेक्षा सावकाश जातो. याहून जास्त उंची हवी असणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आधी वाचावं. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल तिथे अडतो आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

तीन आठवड्यांनी मी परत दुकानात गेलो. मिस्त्रींनी आठही यू बोल्टांवर पाना लावला आणि प्रत्येक नट थोडा तरी फिरला. पाटे नव्याने एकमेकांवर बसतात तेव्हा हे होतंच. तुम्ही पाटे भरून घेतले असतील तर पाचशे किलोमीटरच्या आत यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या.