विमानातील ट्रान्सपाँडर : अँटेनाची केबल व स्थितिक दाबाची जोडणी

अहिल्यानगर जिल्ह्यात काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळ सुरू झाला. तेथे ये-जा करणारे विमान मार्गावरील दुय्यम रडारला आपली उंची स्वतःच कळवीत असते. हे कार्य ट्रान्सपाँडरचे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकांजवळ उंची दर्शविणारे रडार नव्हते. वैमानिकाने सांगितलेल्या आकड्यावरच त्यांना विसंबावे लागे. ट्रान्सपाँडरने ही उणीव भरून निघते खरी, परंतु तो नीट बसविला असेल तरच.

अँटेनाविषयी थोडक्यात सांगता येईल. उत्तराचा संदेश १०९० मेगाहर्ट्‌झवर जात असल्याने अँटेना जेमतेम ७ सेंटिमीटरचा पुरतो. तो विमानाच्या पोटाखाली, धातूच्या पत्र्याशी पक्का विद्युत्‌संपर्क ठेवून बसवितात. केबल आखूड हवी. ३ डेसिबल ऱ्हास झाल्यास निम्मी शक्ती केबलमध्येच खर्ची पडते.

स्थितिक दाबाची जोडणी अधिक नाजूक असते. लहान विमानांत अल्टिमीटरकडे जाणाऱ्या नळीलाच टी-जोड देऊन उंचीचा एन्कोडर जोडतात. जोड गळका राहिल्यास केबिनमधील दाब नळीतील दाबात मिसळतो व उंची चुकते. मात्र दोन्ही उपकरणे एकाच नळीवर असल्याने त्यांचे आकडे परस्परांशी जुळतातच! केवळ ती जुळणी पाहून समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते. गळतीची चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते. अमेरिकी नियमांनुसार, केबिनमध्ये दाब राखला जात नाही अशा विमानात नळीतील हवा खेचून अल्टिमीटर १,००० फूट वर नेतात. त्यानंतर मिनिटभरात तो १०० फुटांहून अधिक घसरता कामा नये.