मतदारांच्या याद्या व पक्षाचे स्वयंसेवक : अमेरिकेंतील स्थानिक निवडणुकींचे कागद

(१) विषयप्रवेश

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांची दृष्टि बहुधा सनदा, महजर, निवाडे, पत्रें व जमाखर्चाच्या वह्या यांवर असते. निवडणुकीच्या वेळीं उमेदवारासाठीं दारोदार हिंडणाऱ्या सामान्य माणसानें केलेली यादी, तिच्या समासांतील टांचणें व त्यानें वांटलेली चिठ्ठी हीं मात्र कोणी जपून ठेवीत नाहीं. निवडणूक संपली कीं तीं रद्दींत जातात. प्रस्तुत लेखांत अमेरिकेंतील स्थानिक निवडणुकींच्या अशा कागदांचा विचार करावयाचा आहे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें कीं, मतदान उघड होतें तोंवर एकेका माणसाच्या मताचा पुरावा सरकारी दप्तरांतच राहत असे. तें गुप्त झाल्यावर अशी नोंद कोठें राहिली असलीच, तर ती स्वयंसेवकाच्या यादींत. परंतु दप्तरांतील वही व स्वयंसेवकाची यादी या दोन भिन्न जातींच्या साक्षी होत. दोन्ही एकाच रीतीनें वाचल्यास संशोधक फसल्यावांचून राहणार नाहीं.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करितों. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांचे जे पोटविभाग आहेत त्यांस कौंटी म्हणतात. कौंटीचा शेरीफ, कर आकारणारा अंमलदार, अपमृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर, शाळामंडळाचे सभासद अशीं अनेक पदें लोकांच्या मतांनीं भरलीं जातात. राज्याच्या विधिमंडळाचे सभासद निराळेच. कौंटीचे पुन्हा लहान मतदानविभाग पाडतात, त्यांस प्रिसिंक्ट हें नांव आहे. एका वेळीं इतकीं पदें व इतके उमेदवार असल्यामुळें सर्वांची पारख प्रत्येक मतदारास असणें शक्य नाहीं. ज्याची ओळख आहे अशा शेजाऱ्याच्या शब्दावर तो पुष्कळदां विसंबतो. पक्षाच्या स्थानिक स्वयंसेवकाचें महत्त्व येथून उत्पन्न होतें.

(२) उघड मतदानाची वही

अब्राहम लिंकन ज्या इलिनॉय राज्यांतून पुढें आले, तेथें इ. स. १८२९ पासून १८४८ ची राज्यघटना होईपर्यंत मतदान तोंडी होत असे. मतदार अधिकाऱ्यांपुढें उभा राहून आपण कोणास मत देतों तें सर्वांदेखत सांगे, व लेखक त्याच्या नांवापुढें तें नोंदवून घेई. या वहीस तेथें पोल-बुक म्हणत. पोल या शब्दाचा मूळ अर्थ डोकें असा आहे. आपल्याकडील डोईपट्टी या शब्दांत जी कल्पना आहे तीच तेथें. माणसागणिक एक ओळ, असें या वहीचें स्वरूप होय.

या वहीवरून काय कळूं शकतें याचें एक उदाहरण देतों. इ. स. १८३२ च्या ऑगस्टांत लिंकन यांनीं सँगॅमन कौंटीतून विधिमंडळासाठीं पहिल्यानें उमेदवारी केली. उमेदवार तेरा होते व जागा चार. लिंकन आठवे आले, म्हणजे पराभूत झाले. परंतु ते स्वतः ज्या न्यू सेलम गांवीं राहत, त्या विभागांत मत देणाऱ्या ३०० जणांपैकीं २७७ जणांनीं आपल्या मतांपैकीं एक त्यांस दिलें. लिंकन हे हेन्री क्ले यांच्या बाजूचे. तरी त्याच विभागानें पुढें शरदांतील अध्यक्षीय निवडणुकींत क्ले यांच्याहून जॅक्सन यांस ११५ मतें अधिक दिलीं, असें लिंकन यांनीं स्वतःच नंतर लिहून ठेविलें आहे. अर्थात् जॅक्सनच्या बाजूच्या पुष्कळांनीं आपल्या गांवच्या तेवीस वर्षांच्या तरुणास, पक्ष न पाहतां, मत दिलें होतें. केवळ कौंटीचा एकंदर निकाल पाहणारास ही गोष्ट कधींच कळली नसती.

(३) इ. स. १८४० चें गुप्त पत्र

याच राज्यांत इ. स. १८४० च्या जानेवारींत व्हिग पक्षाच्या मध्यवर्ती समितीनें कौंटी-कौंटींतील आपल्या विश्वासू माणसांस एक छापील गुप्त पत्र पाठविलें. सह्या पांच जणांच्या असून त्यांत लिंकन हे एक होते. त्यांचें वय त्या वेळीं तीस वर्षांचें होतें. स्वयंसेवकानें काय करावयाचें हें इतक्या नेमकेपणानें सांगणारा त्या काळचा दुसरा लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यांतील आज्ञांचा सारांश असा:

कौंटीचे लहान लहान भाग पाडावे व प्रत्येक भागास एक उपसमिति नेमावी. उपसमितीनें आपल्या भागांतील सर्व मतदारांची बिनचूक यादी करून कोण कोणास मत देणार हें निश्चयानें जाणून घ्यावें. ज्यांचें मन डळमळीत असेल त्यांचीं नांवें निराळीं मांडावीं. अशांवर सतत लक्ष ठेवावें. ज्यांच्यावर त्यांचा सर्वांत अधिक विश्वास असेल अशा माणसांकडून त्यांच्याशीं बोलणें करवावें व योग्य तें वाङ्मय त्यांच्या हातीं द्यावें. महिन्यांतून निदान एकदां कामाचा अहवाल पाठवावा. मतदानाच्या दिवशीं आपल्या पक्षाचा एकही माणूस घरीं राहूं देऊं नये.

याच सुमाराचा म्हणून समजला जाणारा लिंकन यांचा दुसरा एक आराखडा उपलब्ध आहे. त्यांत कौंटीचा एक नायक, प्रिसिंक्टचा एक नायक व त्याखालीं जवळ जवळ राहणाऱ्या दहा दहा मतदारांचा एकेक नायक अशी उतरती योजना आहे. ऑगस्टच्या निवडणुकीच्या पोल-बुकांवरून आपल्या पक्षास मत देणाऱ्यांचीं नांवें उतरून घ्यावीं व त्यांचे दहा-दहांचे गट पाडावे. प्रत्येक नायकानें आपल्या दहांची समक्ष गांठ घेऊन नोव्हेंबरांत मतास येण्याचें, व होईल तितकें सकाळींच येण्याचें, वचन घ्यावें, असें त्यांत आहे.

या दोन लेखांतील मर्म वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. पक्षाची सर्व इमारत सरकारी वहीच्या पायावर उभी होती. राज्याच्या निवडणुकींत कोणी कोणास मत दिलें हें वहींत उघड असल्यामुळें पुढील निवडणुकीची यादी करणें सोपें होई. दुसरें असें कीं, डळमळीत मतदाराकडे पक्षाचा पुढारी नव्हे, तर त्याच्या विश्वासांतील माणूस पाठवावा असें सांगितलें आहे. १८३२ सालीं न्यू सेलमनें जें करून दाखविलें, त्याचाच हा नियम बनविलेला दिसतो. इतकें करूनही १८४० सालीं इलिनॉयमध्यें व्हिग पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार हरलाच, जरी सर्व देशांत तो निवडून आला. लिंकन मात्र विधिमंडळावर चौथ्यांदां निवडले गेले.

(४) चिठ्ठी व गुप्त मतदान

तोंडी मतदान जाऊन कागदी मतदान आलें तरी तें लगेच गुप्त झालें असें नव्हे. मताची चिठ्ठी सरकार छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या सर्व उमेदवारांचीं नांवें एका लांबट कागदावर छापी, व स्वयंसेवक मतदानाच्या जागेजवळ उभे राहून त्या चिठ्ठ्या वांटीत. कागदाचा रंग व आकार निराळा असल्यामुळें कोण कोणती चिठ्ठी टाकतो हें दुरूनही दिसे. एखादा उमेदवार नापसंत असल्यास त्याच्या नांवावर दुसऱ्या नांवाची डिंक लाविलेली पट्टी चिकटवीत. अशा पट्ट्या संग्राहकांस विशेष मोलाच्या वाटल्या पाहिजेत. कारण पक्षांतील फूट त्यांवर प्रत्यक्ष दिसते. मात्र सुटी सांपडलेली चिठ्ठी ही दिलेल्या मताचा पुरावा नव्हे. मतदारापुढें काय ठेविलें होतें एवढेंच ती सांगते.

सरकारनें छापलेल्या एकाच पत्रिकेवर आडोशास जाऊन खूण करण्याची पद्धति ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत १८५६ सालीं सुरू झाली. अमेरिकेंत ती प्रथम केंटकी राज्यांतील लुइव्हिल शहरांत १८८८ सालीं आली. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सनें आपल्या सर्व राज्यासाठीं तसा कायदा केला. गमतीची गोष्ट ही कीं, खुद्द केंटकी राज्याच्या निवडणुकींत तोंडी मतदानाची चाल १८९१ च्या राज्यघटनेपर्यंत टिकून होती.

येथें आपल्याकडील एका प्राचीन व्यवस्थेचें स्मरण होतें. विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत भिक्षुसंघांतील मतभेद शलाका वांटून मिटविण्याचा विधि सांगितला आहे. त्याचे प्रकार तीन : गूढ, विवृत व कानांत सांगून. अमेरिकेच्या पोल-बुकाचा काळ हा विवृताचा व नंतरचा गूढाचा, असें म्हणतां येईल. तिसरा प्रकार दोन्ही काळीं चालूच राहिला. शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून हळूच विचारणें व सांगणें हाच स्वयंसेवकाचा खरा धंदा होय. नव्या कायद्यांनीं त्यास मतदानाच्या जागेपासून दूर मात्र नेलें. टेनेसी राज्याच्या कायद्यानें मतदानकेंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आंत प्रचारास बंदी केली आहे, व ती बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं ग्राह्य ठरविली.

(५) जेथें यादींत नांव असणें हेंच संकट होतें

येथवर यादी म्हणजे मतें मिळविण्याचें साधन एवढेंच आपण पाहिलें. अलाबामा राज्यांतील लाउन्झ कौंटीचा वृत्तांत वाचल्यावर तिचा दुसरा अर्थ कळतो. या कौंटींत कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारें चार पंचमांश होती. तथापि १९६५ सालच्या आरंभीं त्यांतील एकाचेंही नांव मतदारांच्या यादींत नव्हतें. त्या वर्षीं स्थानिक लोकांनीं व बाहेरून आलेल्या तरुण स्वयंसेवकांनीं नांवें नोंदविण्याचें काम आरंभिलें. नोंदणीस गेल्याबद्दल कित्येक कुटुंबांस जमीनदारांनीं जमिनीवरून हांकलून दिलें, व त्यांस तंबूंत दिवस काढावे लागले. २० ऑगस्ट १९६५ रोजीं हेन्व्हिल या कौंटीच्या मुख्य गांवीं जोनाथन डॅनियल्स नांवाच्या, धर्मोपदेशकाचें शिक्षण घेणाऱ्या स्वयंसेवकास भर दिवसां गोळी घालून ठार मारण्यांत आलें.

तरीही या लोकांनीं आपला स्वतंत्र कौंटी-पक्ष स्थापिला. निरक्षर मतदारांसाठीं पक्षास चिन्ह असणें तेथील कायद्यानें जरूर होतें. राज्यांतील डेमोक्रॅटिक पक्षाचें चिन्ह कोंबडा. यांनीं काळा चित्ता निवडला. शेरीफ कोण, कर आकारणाराचें काम काय, शाळामंडळाचा अधिकार कोठवर, हें समजावून देणाऱ्या सचित्र पुस्तिका स्वयंसेवकांनीं घरोघर नेल्या. ३ मे १९६६ रोजीं हेन्व्हिलजवळील एका प्रार्थनामंदिरापाशीं सुमारें ९०० लोकांनीं जमून आपले उमेदवार निवडले. नोव्हेंबरांत ते सर्व हरले. पुढें १९७० सालीं त्यांचे पुढारी जॉन ह्यूलेट हे त्याच कौंटीचे शेरीफ निवडून आले.

१८४० ची यादी करणाराच्या पदरीं फार तर पराभव येई. येथें यादींत नांव घालणारा माणूस राहतें घर पणास लावीत होता. यास्तव अशा कागदाचें वाचन करितांना प्रत्येक नांवाची किंमत किती होती हें जाणून घेणें अवश्य आहे.

(६) वाचनाचे नियम

आतां संग्राहकांच्या उपयोगासाठीं निष्कर्ष मांडतों. पोल-बुक ही पाहिल्या-ऐकिल्याची नोंद आहे. प्रत्येक मत सर्वांदेखत सांगितलें गेलें एवढें ती खरें सांगते. तें मनापासून होतें कीं सावकाराच्या भयानें, हें सांगत नाहीं. स्वयंसेवकाची यादी ही अनुमानाची नोंद आहे. तींत करणाराची आशा मिसळलेली असते. म्हणून आपल्या बाजूच्या नांवांवर कमी, व संशयितांच्या नांवांवर अधिक विश्वास ठेवावा. निकालाशीं ताडून पाहिल्यावांचून तिचा आंकडा घेऊं नये. समासांतील टांचणें मात्र बहुधा खरीं असतात, कारण तीं लिहिणारानें स्वतःच्या सोयीसाठीं केलेलीं असतात.

एक गोष्ट येथें कबूल केली पाहिजे. आम्ही अध्यापक असतां आमच्या शाळेंत मतदानाचें केंद्र असे. एका निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीं आवाराच्या भिंतीलगत निरनिराळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनीं टाकलेल्या याद्यांचा ढीग पडला होता. नांवांपुढें तांबड्या-निळ्या खुणा होत्या. कोठें 'मयत', कोठें 'मुलीकडे गेली', तर कोठें 'थोरल्यास विचारून सांगेल' असें पेन्सिलीनें लिहिलें होतें. वर्ग वेळेवर भरावे या घाईंत आम्हींच शिपायास सांगून तो ढीग जाळविला. जुन्या बाडांसाठीं वाड्यावाड्यांतून पायपीट करणाऱ्या आम्हांस, गांवचें असें बाड आपल्या दारांत जळत आहे हें त्या वेळीं उमगलें नाहीं. आज त्या गांवांतील आळी-आळींचें राजकारण सांगणारा एकही कागद आमच्याजवळ नाहीं.

तरी असे कागद हातीं आल्यास ते जपावे. कोणत्या गांवचे, कोणत्या निवडणुकीचे व कोणाच्या हातचे हें त्याच दिवशीं पाठीमागें नोंदवावें. परंतु ज्यांचीं नांवें त्यांत आहेत तीं माणसें हयात असेपर्यंत ते कोणास दाखवूं नयेत, मग छापण्याची गोष्टच नको. गुप्त मतदानानें त्यांस जें अभय दिलें, तें संग्राहकाच्या हातून मोडूं नये. लाउन्झ कौंटींतील तंबूंचें स्मरण ठेविल्यास हा नियम पाळणें जड जाणार नाहीं.