लिनिमेंट जेल : बाटली उघडण्याआधी
घोड्याची निगा (साप्ताहिक लेखमाला)

मागच्या भागात खरारा आणि खुरांची सफाई झाली. आता तबेल्याच्या फळीवर दिसणाऱ्या लिनिमेंट जेलविषयी, म्हणजे दमलेल्या घोड्याच्या अंगाला चोळायच्या औषधाविषयी.

जालना ही एकेकाळी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी. आज जिल्ह्यातले घोडे पलटणीत नाहीत. काही हौसेच्या सवारीचे, बरेचसे वरातीचे. माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेले. लग्नसराई ऐन एप्रिल-मेमधली, पारा चाळिशीच्या पुढे. डांबरी रस्त्यावर नाचून आलेल्या घोड्याला रात्री जेल चोळलं की मालकाला समाधान वाटतं. घोड्याला आराम पडेलच असं नाही.

जेलमध्ये बहुधा मेंथॉल आणि कापूर असतो. मेंथॉल कातडीखालच्या नसांना गारव्याची जाणीव करून देतं, पण अंगातली उष्णता उतरवत नाही. विश्रांतीतल्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. कामानं ते वाढलं, तर उतरवायला पाणी, सावली आणि वारा लागतो. तापून आलेल्या घोड्याला आधी भरपूर पाणी घाला, पाजा, सावलीत हळूहळू फिरवा. जेल नंतर.

त्याहीआधी पाय चाचपा. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच; नळीच्या मागून कंडरा खाली उतरतात. दोन्ही पुढच्या पायांच्या नळीवर एकाच वेळी एकेक तळवा ठेवा आणि गामचीपर्यंत सावकाश उतरवत न्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, दोरीसारखी घट्ट असायला हवी ती कंडरा फुगीर लागली, किंवा दाबताच घोड्यानं पाय उचलला, तर बाटली बंदच ठेवा. पंधरा-वीस मिनिटं थंड पाण्याची धार सोडा, घोडा बांधून ठेवा, डॉक्टरांना बोलवा. अशा पायावर जेल चोळलं की चोळण्यानं कातडी तापते, आणि आतली आग कुठली नि बाहेरची कुठली हे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

जेलचं खरं काम दमलेल्या, पण धडधाकट स्नायूंवर : खांदा, पाठ, पुठ्ठे. घाम धुऊन अंग कोरडं झाल्यावर थोडंसं घ्या आणि केसांच्या दिशेनं चोळा. नवी बाटली असेल तर आधी खांद्यावर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस थांबा. फोड, सूज किंवा खाज आली तर वापरू नका. जखम, डोळे, नाकपुड्या, शेपटीखालची नाजूक कातडी इथे जेल नको. वरून पट्टी गुंडाळू नका. कोंडलेलं जेल कातडी भाजतं. खोगीर आणि तंग जिथे बसतात तिथे सवारीआधी तर मुळीच नको. नंतर हात साबणानं धुवा. तसाच हात लगामाला लागला तर औषध थेट घोड्याच्या तोंडात जातं.

बाटलीवरचे घटक वाचायची सवय लावा. मिरचीतलं तिखट, म्हणजे कॅप्सेसिन, काही लिनिमेंटमध्ये असतं. स्पर्धेच्या घोड्यांना ते निषिद्ध आहे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या कामिरो या घोड्याच्या तपासणीत ते सापडलं आणि नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक गेलं.

माणसांच्या दुखण्याचं मलम घोड्याला चोळण्याची रीत मात्र बंदच व्हायला हवी. त्यातल्या अनेकांत डायक्लोफेनॅक असतं. ते अंगात असलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ पासून बंदी आहे.

घोडा लंगडत असेल तर दुकानात जेल मागायला जाऊ नका. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.