कालिना ते महाड: प्राध्यापकांचा वर्ग

पहिलीच्या मुलांना शिकवायचं तर डी.एड. लागतं, दहावीला शिकवायचं तर बी.एड. ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकालाही बी.एड. चुकत नाही. पण महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात किंवा पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात एफ.वाय.च्या वर्गावर उभं राहायला शिकवण्याच्या प्रशिक्षणाची अट नाही. एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यावर नेट नाहीतर सेट, नाहीतर पीएच.डी. मुलाखत झाली, नेमणूकपत्र मिळालं की हातात हजेरीपट आणि खडू. विषय आला म्हणजे शिकवता आलंच, असं आपल्या विद्यापीठांनी सव्वाशे वर्षं धरून चाललं.

मुंबईतल्या जुन्या कॉलेजांत हे कसंबसं निभावून गेलं. महाडमध्ये निभावत नाही. इथल्या वर्गात बिरवाडी, विन्हेरे, वरंध, उमरठ अशा गावांतून एस.टी.ने येणारी मुलं बसतात. बारावीपर्यंत वर्गात मराठी कानावर पडलेली असते आणि बी.एस्सी.ला अचानक पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. घरात कॉलेज पाहिलेलं हे बहुतेकदा पहिलंच माणूस. अशा मुलासमोर नोट्स वाचून दाखवणं म्हणजे त्याला जिथल्या तिथे सोडून देणं. वर्गात तो काही विचारत नाही, घरी विचारावं असं कोणी नसतं, आणि निकालाच्या दिवशी ‘मुलांचा पायाच कच्चा’ म्हणून आपण मोकळे होतो. म्हणून प्राध्यापकांना शिकवायला शिकवणाऱ्या वर्गांची गोष्ट महाड-पोलादपूरच्या बाजूने पाहायला हवी.

या वर्गांची कल्पना जुनी आहे. 1964 ते 66 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने नव्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग घ्यावेत आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमची स्टाफ कॉलेजं काढावीत, असं सुचवलं होतं. या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. सूचना वीस वर्षं कागदावर राहिली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ती उचलली गेली आणि 1987 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरात 48 अकॅडमिक स्टाफ कॉलेजं मंजूर केली. मुंबई विद्यापीठाचं स्टाफ कॉलेज कालिन्याच्या विद्यानगरीत उभं राहिलं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या मोठ्या पट्ट्यातल्या प्राध्यापकांसाठी हक्काचं केंद्र तेच.

प्राध्यापकांच्या बोलण्यात या संस्थेच्या वर्गांची दोनच नावं असतात: ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रिफ्रेशर’. मराठीत उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग. स्टाफ कॉलेजच्या काळात ओरिएंटेशन चार आठवड्यांचं असायचं, रोज सहा तास, किमान 144 तास. त्याचे चार भाग ठरलेले: समाज, पर्यावरण आणि शिक्षण यांचं नातं, शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि अध्यापनपद्धती, ज्ञानाची साधनं, व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व. रिफ्रेशर तेव्हा तीन आठवड्यांचा असायचा आणि आपापल्या विषयाचा. ओरिएंटेशनला मात्र सगळे विषय एका खोलीत. मराठीचे सर, रसायनशास्त्राच्या मॅडम, कॉमर्सचे, भूगोलाचे, लायब्ररीयनसुद्धा. माझ्या मते या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच होती. रसायनशास्त्राच्या मॅडमचं शिकवणं कळतंय की नाही, हे मराठीच्या सरांइतकं नेमकं कोण सांगणार? विषय ठाऊक नसलेला सुशिक्षित माणूस हाच उत्तम परीक्षक.

हे घडतं सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे ‘मायक्रोटीचिंग’मध्ये. 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन यांनी ही रीत बसवली आणि आपल्याकडे ती बी.एड.च्या वाटेने आली. आपल्याकडचं चक्र 36 मिनिटांचं: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत पाठ पुन्हा रचायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा ऐकून घ्यायचं. एका वेळी एकच कौशल्य धरायचं. प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळा वापरणं, सुरुवात करणं. सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा वर्षं शिकवलेल्या माणसालाही ती जड जातात. आपण प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत उत्तरही आपणच देऊन टाकतो, सगळं बोलणं पहिल्या बाकाशी चालतं, फळ्याकडे तोंड करून निम्मं वाक्य संपतं, हे कोणी समोर बसून टिपून दिल्याशिवाय आपल्याला दिसत नाही. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा तास दुसरा प्राध्यापक एरवी कधी पाहतच नाही. सबंध नोकरीत त्याच्या शिकवण्यावर सहकाऱ्यांनी नीट बोलण्याचा प्रसंग या एका वर्गात येतो, आणि कित्येकांच्या बाबतीत तो पहिला आणि शेवटचा असतो.

महाडहून कालिना गाठायचं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे धरायची तर वीर स्टेशन, नाहीतर वर्षानुवर्षं काम चाललेला मुंबई-गोवा महामार्ग. चार आठवडे घरापासून दूर राहायचं. लहान मूल असलेल्या प्राध्यापिकेला, घरात आजारी माणूस असलेल्याला हे सोपं नव्हतं. कॉलेजही कुरकुरायचं, कारण विभागात माणसं दोनच आणि त्यातला एक महिनाभर बाहेर. तरी लोक जात होते. जाण्याचं एक कारण शिकण्याची ओढ हे होतं आणि दुसरं होतं ‘कॅस’, म्हणजे पदोन्नतीची योजना. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांतही पहिल्या पायरीसाठी अध्यापनपद्धतीवरचं 21 दिवसांचं ओरिएंटेशन आहे. पुढच्या पायऱ्यांना रिफ्रेशर वगैरे.

प्रशिक्षण पगाराला जोडलं म्हणून माणसं आली, हे खरं. पण त्याच जोडणीने प्रशिक्षणाचं मोजमाप प्रमाणपत्रावर आणून ठेवलं. फाइलमध्ये प्रमाणपत्र लागलं की काम झालं. परत आल्यावर त्या माणसाचा तास बदलला का, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. माझा या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

मधल्या काळात पाट्या बदलल्या. डिसेंबर 2014 मध्ये मदनमोहन मालवीय यांच्या नावाने शिक्षक-प्रशिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 2015 मध्ये स्टाफ कॉलेजांचं नाव ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झालं, आणि सप्टेंबर 2023 पासून ती ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं’ आहेत. कोरोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन गेले आणि पुष्कळसे तिथेच राहिले. नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा 36 तासांचा कार्यक्रम घरबसल्या करता येतो. भारतीय ज्ञानपरंपरा, विद्यार्थ्यांमधलं वैविध्य, संशोधन, कौशल्यविकास असे आठ विषय त्यात आहेत. ऑनलाइनमुळे पोलादपूरच्या प्राध्यापिकेला घर सोडावं लागत नाही, ही मोठी सोय झाली आणि ती काढून घेऊ नये. पण कॅमेरा बंद करून ऐकलेल्या व्याख्यानात सहा मिनिटांचं ते शिकवणं आणि त्यावरचं बोलणं हरवतं. शिकवण्यावरची व्याख्यानं ऐकून शिकवणं सुधारत नाही. ते करून पाहावं लागतं आणि कोणीतरी पाहावं लागतं.

नुसतं ऐकण्यापेक्षा करून शिकणं सरस, याला पुरावा भरपूर आहे. 2014 मध्ये अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या 225 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी 33.8 टक्के विद्यार्थी नापास, तर विद्यार्थ्यांना काही करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गात 21.8 टक्के. याच्या जोडीला 2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतून आणखी एक निष्कर्ष आला, आणि प्राध्यापकांनी तो लक्षात ठेवावा असा आहे: करून शिकणाऱ्या मुलांना जास्त आलं, पण आपल्याला कमी आलं असं त्यांना वाटलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. म्हणजे नवी पद्धत सुरू केल्यावर मुलं पहिले काही दिवस नाराज होतील, तेव्हा हातपाय गाळायचे नाहीत.

महाराष्ट्रात या वाटेने गंभीर काम झालं ते पुण्याच्या आयसरमध्ये. ब्रिटनमधल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या सहकार्याने तिथे पदवी महाविद्यालयांच्या विज्ञान शिक्षकांसाठी संशोधनाधारित अध्यापनाच्या कार्यशाळा झाल्या. आधी शिक्षकांनी विद्यार्थी होऊन प्रश्न सोडवायचे आणि मग आपल्या विषयाचा पाठ त्या पद्धतीने रचायचा, असा त्यांचा भर. आय.आय.टी. मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार अभियांत्रिकी शिक्षकांचा प्रकल्प झाला. देशभरातल्या शेकडो केंद्रांवर एकाच वेळी थेट प्रक्षेपण, आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला समन्वयक. दूरच्या गावात एक जाणता माणूस समोर हवाच, हे त्या रचनेत ओळखलं होतं.

महाडच्या वर्गात हे कसं दिसेल? एस.वाय.च्या गणिताचा तास घेऊ. विषय डेफिनिट इंटिग्रल. पुस्तकात सूत्र आहे आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ आहे. आता फळ्यावर सावित्री नदीचे दोन पूर काढायचे. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर पुलाखालून दर सेकंदाला जाणारं पाणी. पहिला आलेख सुळक्यासारखा, सहा तासांत वर चढून उतरलेला. दुसरा बसका, दोन दिवस पसरलेला. दोन्हींखालचं क्षेत्रफळ मुद्दाम सारखं ठेवायचं. प्रश्न एकच: एकूण पाणी कुठल्या पुरात जास्त वाहिलं? मुलांनी आधी आपापलं उत्तर बोट वर करून द्यायचं. पुष्कळ जण सुळक्याला मत देणार. बरोबर काय ते न सांगता शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. मग दुसरा प्रश्न: बाजारपेठेत पाणी कुठल्या पुरात शिरेल? आणि तिसरा: बाणकोटच्या खाडीत त्याच वेळी भरती असेल तर?

22 जुलै 2021 च्या महापुराची रात्र या गावातल्या पोरांना समजावून सांगावी लागत नाही. एकूण पाणी आणि दर सेकंदाला जाणारं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, क्षेत्रफळ एक सांगतं आणि उंची दुसरं, हे ती पंधरा मिनिटांत आपापसांत मराठीत भांडून काढतील. इंग्रजी शब्द त्यानंतर द्यावा, तो राहतो. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी 1991 पासून रूढ केलेली मत, वाद, पुन्हा मत ही रीत चालवायला ना प्रोजेक्टर लागतो ना इंटरनेट. लागतो तो चांगला प्रश्न, आणि तो तयार करायला संध्याकाळ जाते. इतिहासाच्या प्राध्यापकाला तर चवदार तळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 20 मार्च 1927 चा तिथला सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’ने कसा नोंदवला, नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव आधीच करूनही सत्याग्रह का करावा लागला, हे साधनांवरून मुलांनीच जुळवावं.

आता राहिलेली मोठी अडचण सांगायलाच हवी. रायगडच्या ग्रामीण महाविद्यालयांत जागा रिकाम्या आणि तास बरेचसे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर. त्यांना पैसे घेतलेल्या तासाचे. प्रशिक्षणाला गेले तर तेवढे तास बुडाले. कॅस त्यांना लागू नाही, म्हणून प्रमाणपत्राचाही उपयोग नाही. जी माणसं सर्वांत जास्त वर्ग घेतात आणि वयाने विद्यार्थ्यांना सर्वांत जवळची आहेत, त्यांनाच या सगळ्या व्यवस्थेने दाराबाहेर ठेवलं आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाचं मानधन त्यांना मिळालं पाहिजे. ते शासनाने द्यावं, आणि शासन देईपर्यंत संस्थांनी द्यावं.

बाकीचं मात्र इथल्या इथे करता येण्याजोगं आहे. महाड आणि पोलादपूरची महाविद्यालयं शेजारी आहेत, लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तासाभराच्या आत आहे. महिन्यातला एक शनिवार ठरवावा. दोघांनी सहा-सहा मिनिटं शिकवावं, बाकीच्यांनी पाहावं, बोलावं, पुन्हा शिकवायला लावावं. सीएचबीवाल्यांना पहिल्या रांगेत बसवावं. कालिन्याहून एखादी साधनव्यक्ती वर्षातून दोनदा आली तर उत्तमच, पण तिची वाट पाहू नये. आणि या अंकाचा वाचक महाड, पोलादपूर किंवा माणगावात शिकवत असेल, तर त्याला विनंती: पुढच्या आठवड्यात आपला एक तास दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला पाहायला बोलवा, आणि त्याने काय टिपलं ते तास संपल्यावर लगेच विचारून घ्या.