साचा कोणाचा?

द्वितीय वर्ष, कला

पेणचे नाव निघाले की गणपती आठवतो, आणि गणपती म्हटला की रंग, दागिने, डोळ्यांची आखणी आठवते. साचा मात्र कोणाला आठवत नाही. तो बिचारा कारखान्याच्या माळ्यावर गोणपाटाखाली पडलेला असतो. परंतु पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातला सारा धंदा उभा आहे तो साच्यावर, आणि भांडणे होतात तीही बहुधा त्याच्यावरूनच. या भांडणाची कायद्याच्या अंगाने थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू. मी कायद्याची विद्यार्थिनी नव्हे. पण माझे मामा मूर्तीचे मॉडेल करणारे कारागीर आहेत, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तेव्हा कायद्याचे पुस्तक उघडण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

कारागीर आधी शाडूच्या मातीत एक मूर्ती हाताने घडवतो. तिला कारखान्यात ‘मॉडेल’ म्हणतात. सोंडेचे वळण, पितांबराच्या चुण्या, बोटांची ठेवण यांत महिना-दोन महिने सहज जातात. मग तिच्यावर रबराचे थर देऊन बाहेरून प्लॅस्टरचे कवच करतात. हा झाला साचा. त्यातून शेकडो मूर्ती निघतात. रंग न दिलेला कच्चा माल पुढे रोहा, नागोठणे आणि कुठल्या कुठे जातो, व तिथले रंगारी तो रंगवतात. (प्लॅस्टर की शाडू हा वाद वेगळा आहे, त्यात मी येथे शिरत नाही.)

आता गोम अशी की, बाजारात आलेली मूर्ती कोणीही विकत घेऊ शकतो, आणि तिच्यावरच रबर चढवून नवा साचा काढू शकतो. दोन महिन्यांची मेहनत दोन दिवसांत दुसऱ्याच्या माळ्यावर! जाणत्याला अशी नक्कल ओळखू येते. नकलेवरून नक्कल निघत गेली की मोदकाच्या कळ्या बुजतात, बोटांमधल्या फटी भरून येतात. शाडू तर वाळताना आकसते, म्हणून मातीच्या मूर्तीवरून काढलेल्या साच्यातली मूर्ती मूळापेक्षा किंचित लहान भरते.

असेच दुखणे सातासमुद्रापार एका अगदी वेगळ्या वस्तूला आहे हे वाचून मला गंमत वाटली. अमेरिकेतील डिस्नेच्या करमणूक-उद्यानांत 1999 पासून कोटाला लावायच्या छोट्या धातूच्या पिनांची अदलाबदल चालते. लोक गळ्यात पट्टे अडकवून पिना घेऊन येतात आणि तेथील नोकरांशीही बदलून घेतात. त्यांतही बनावट पिनांचा सुळसुळाट झाला. रंग कमी भरलेला, कडा खडबडीत, अशा खुणांवरून शौकीन त्या ओळखतात. फरक एवढाच की तिथे मिकी माऊसच्या पाठीशी एक बलाढ्य कंपनी आणि तिचे वकील उभे आहेत. आमच्या मॉडेलच्या पाठीशी कोण?

कागदावर पाहिले तर कायदा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही ‘कलाकृती’ मानली आहे. गणपती सर्वांचा, त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. पण अमुक कारागिराने त्याला दिलेल्या स्वतंत्र रूपावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्तीही नाही. कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे तो टिकतो. लालबागच्या राजाची आजची घडण अशी संरक्षित असल्याचे वृत्तपत्रांतून आले आहे; तरीही ‘लालबाग बैठक’ मागणारे गिऱ्हाईक प्रत्येक कारखान्यात येते, आणि त्याला कोणी परत पाठवल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

पण याच कायद्याचे कलम 15 वाचा. एखादे रूप डिझाइन कायद्याखाली नोंदवण्याजोगे असून नोंदवले नाही, आणि हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने ते यांत्रिक प्रक्रियेने 50 पेक्षा अधिक वेळा काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! आमच्याकडे पन्नास नग म्हणजे हंगामाची नुसती सुरुवात. आता साच्यातली मूर्ती ‘कलाकृती’ की ‘डिझाइन’? 2000 च्या डिझाइन कायद्याने कलाकृतींना आपल्या व्याख्येतून वगळले आहे, म्हणून कारागिराच्या बाजूने बोलायला जागा आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस कंपनीच्या खटल्यात या दोन कायद्यांची सीमा कशी आखावी ते सांगितले. पण तो वाद यंत्रांच्या रेखाटनांचा होता. आमच्या बाप्पाला तो कसा लागू करायचा, यावर दोन वकील दोन मते देतील. आणि डिझाइन नोंदवायचे तर ते बाजारात येण्याआधी नोंदवावे लागते. ज्येष्ठात माल गाडीत चढल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

मला सर्वांत अधिक टोचले ते कलम 17. नोकरीत असताना, नोकरीचे काम म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच! मामांनी एका कारखान्यासाठी केलेल्या मॉडेलची नक्कल दुसरीकडे निघाली, तेव्हा हळहळले मामा, आणि कायद्याने तक्रार करायची झाली तर ती बहुधा कारखानदाराने! मामा पगारी असते तर प्रश्नच मिटला होता. पण ते उक्ते काम करतात, एका मॉडेलचे अमुक पैसे. अशा वेळी हक्क कारागिराकडे राहतो असे म्हणता येते, परंतु तसा कागद कोठे आहे? व्यवहार सारा तोंडी.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. “अगं, मी शिकलो कसा? दुसऱ्याच्या मूर्तीकडे बघूनच ना?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु बघून हात वळवणे आणि रबर चढवणे यांत मला अंतर दिसते. पहिल्यात शिकणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी मिसळतेच, दुसऱ्यात काहीच मिसळत नाही.

कलम 57 मात्र त्यांनी दोनदा वाचून घेतले. हक्क विकला, तरी ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, असे ते कलम म्हणते. यंदाच्या मॉडेलचे तारखेसह फोटो आम्ही काढून ठेवले आहेत, आणि एका फुलस्केपवर कारखानदाराबरोबर चार ओळींचा करार लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. मूर्तीच्या पाटामागे मामांनी आपली आद्याक्षरे कोरली आहेत. रबर तीही जशीच्या तशी उचलते. नक्कल करणाऱ्याला ती खरवडून काढावी लागतील.